पिशवी काढण्याआधी: गुठळीच्या धोक्याचा पुन्हा केलेला हिशेब

हे प्रकरण गोव्यातील एका रुग्णाचे आहे. ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, गाव आणि दवाखान्यांची नावे दिलेली नाहीत, काही घरगुती तपशीलही बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण शिकण्यासारखे जे आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ४८ वर्षांची, सत्तरी तालुक्यातली. वजन ५२ किलो. घरचे कुळागर आहे. वर्षातला बराच काळ सुपारी सोलण्यात, वाळवण्यात आणि पाटाचे पाणी फिरवण्यात जातो. दोन मुले, दुसऱ्या बाळंतपणानंतर नसबंदी झालेली. तंबाखू नाही, रक्तदाब आणि साखर ठीक.

चार वर्षांपूर्वी तापासाठी केलेल्या सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ७.८ लाख आल्या. महिनाभराने पुन्हा तपासल्या तरी तेवढ्याच. जॅक-२ जनुकातला व्ही६१७एफ बदल तपासला, तो सापडला. हिमोग्लोबिन १३.४ होते. अस्थिमज्जेची तपासणी झाली नाही. तिला सुई नको होती आणि उपचारात फरक पडणार नाही असे तेव्हा वाटले. निदान लिहिले गेले: इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया, म्हणजे मज्जेने गरज नसताना प्लेटलेट बनवत राहण्याचा दीर्घकालीन आजार. वय ६० च्या आत, पूर्वी गुठळी नाही, जॅक-२ सकारात्मक. गुठळीचा धोका मोजणाऱ्या सुधारित आयपीसेट मोजपट्टीवर हा गट ‘कमी धोका’ ठरतो. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज सुरू झाली आणि फाईलच्या पहिल्या पानावर ‘धोका कमी’ असा शेरा पडला. पुढची चार वर्षे तो शेराच वाचला गेला.

अडचण कशी उभी राहिली

गेल्या दीड वर्षात पाळीला फार जायला लागले. आठ-आठ दिवस, दिवसाला सात-आठ पॅड, गाठी पडत. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत ५.५ सेंटिमीटरचा फायब्रॉइड (साधी गाठ) दिसला, आतली पोकळी मात्र सरळ होती. नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, २१ दिवस, अशा दोन फेऱ्या झाल्या. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम तीनदा. तात्पुरता उतार पडे, पुन्हा तेच. शेवटी गर्भाशयाची पिशवी काढायचे ठरले, तेही पावसाच्या आत, मेच्या चौथ्या आठवड्यात. पाऊस लागला की कुळागरातून बाईमाणूस मोकळे होत नाही, त्यामुळे घरच्यांनाही ती तारीख सोयीची होती.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीचे आकडे असे: हिमोग्लोबिन १२.१, लाल पेशी ६१ लाख, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६६, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) ४०.३ टक्के, पांढऱ्या पेशी १३,८००, प्लेटलेट ११.४ लाख, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) ५, पोटॅशियम ६.१.

पोटॅशियमचा आकडा पाहून सगळे दचकले. ईसीजी नॉर्मल होता. प्लेटलेट एवढ्या जास्त असल्या की लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठताना त्या फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते, शरीरात ते वाढलेले नसतेच. हिरव्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत रक्त घेऊन लगेच तपासले तेव्हा ४.३ आले. ही गोष्ट माहीत नसेल तर रुग्णाला नको ते इंजेक्शन मिळते.

फेरिटिन ५ पाहून लोहाची गोळी सुरू झाली, रोज १०० मिलिग्रॅम लोह. रक्त जाणार आहे, साठा रिकामा आहे, भरून घेऊ, असा सरळ विचार होता. कोणत्याही दुसऱ्या बाईच्या बाबतीत तो बरोबरच ठरला असता. ॲस्पिरिन शस्त्रक्रियेच्या सात दिवस आधी बंद करायला सांगितली.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले: हिमोग्लोबिन १३.६, लाल पेशी ६६ लाख, हिमॅटोक्रिट ४४.९, प्लेटलेट १०.९ लाख. मधल्या काळात दोन पाळ्यांइतके रक्त जाऊनही हिमोग्लोबिन दीडने चढले होते. ती तक्रार सांगत होती ती मात्र वेगळीच. डोके जड. कढत पाण्याने न्हाल्यावर अर्धा तास अंगभर खाज, पुरळ एकही नाही. आणि ॲस्पिरिन थांबवल्यापासून चौथ्या दिवशी दोन्ही पायांची बोटे लालबुंद होऊन भाजल्यासारखी आग. रात्री ती पाय शहाबादी फरशीवर टेकवून बसे.

भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेला संमती न देता रुग्णाला रक्तविकार विभागाकडे पाठवले. या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय तो.

‘कमी धोका’ हा शेरा तपासताना

पहिला प्रश्न: हा आजार इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमियाच आहे का?

लाल पेशी ६१ लाख आणि एमसीव्ही ६६. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दहा लाखांत) भागले तर १०.८ येते. हा मेंटझर निर्देशांक १३ च्या खाली असला की आपण थॅलेसीमिया मायनरचा, म्हणजे लाल पेशी लहान राहण्याच्या आनुवंशिक दोषाचा, विचार करतो. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी चाचणी केली, थॅलेसीमिया मायनरमध्ये वाढणारा ए२ हा प्रकार २.६ टक्के आला. पण लोह कमी असताना ए२ खोटे कमी दिसू शकते, म्हणून एवढ्यावर थॅलेसीमिया नाही असे म्हणता येत नव्हते.

उत्तर मिळाले ते घरातून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. मिठाईच्या दुकानाची जुनी पिशवी, तिला गाठ मारलेली, आत मुलांच्या लसीकरणाची कार्डे, नवऱ्याचा एक्सरे, आणि चार घड्या घातलेला सहा वर्षांपूर्वीचा सीबीसीचा कागद. कुठल्याशा आरोग्य शिबिरातला. हिमोग्लोबिन १५.९, लाल पेशी ५४ लाख, एमसीव्ही ८८, हिमॅटोक्रिट ४७.५, प्लेटलेट ६.२ लाख. थॅलेसीमिया मायनर जन्मापासून असतो, तेव्हा सहा वर्षांपूर्वी एमसीव्ही ८८ असलेल्या बाईला तो असणे शक्य नाही. शिवाय पाळी नियमित येणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन १५.९ हे त्याच वेळी कुणाच्या तरी डोळ्यांत भरायला हवे होते.

मग एरिथ्रोपोएटिन, म्हणजे मज्जेला लाल पेशी बनवायला लावणारे संप्रेरक, तपासले. लोह कमी पडून हिमोग्लोबिन उतरले की मूत्रपिंडे हे संप्रेरक वाढवतात, तसा शरीराचा नियम आहे. हिच्यात ते २.१ होते, खालच्या मर्यादेच्याही खाली. अस्थिमज्जेत लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही ओळींच्या पेशी वाढलेल्या, मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) लहानमोठ्या आकारांच्या, लोहाचा साठा शून्य, तंतूंची वाढ नगण्य.

म्हणजे आजार पॉलिसायथीमिया व्हेरा, ज्यात मज्जा गरज नसताना मुख्यतः लाल पेशी बनवत राहते. स्त्रियांसाठी निदानाची रेघ हिमोग्लोबिन १६ किंवा हिमॅटोक्रिट ४८ टक्के यांच्या वर आहे. ती रेघ तिने ओलांडली नाही, कारण ती ओलांडायला लागणारे लोह दर महिन्याला अंगावरून जात होते. मज्जेला लाल पेशी बनवायच्या होत्या, कच्चा माल नव्हता. गोळीने तो तीन आठवडे पुरवला आणि हिमॅटोक्रिट ४०.३ वरून ४४.९ वर गेले. गोळी आणखी दीड महिना चालली असती तर हिमॅटोक्रिट पन्नाशीच्या आसपास गेले असते.

हा फरक कागदापुरता नाही. पॉलिसायथीमिया व्हेरात हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवावे लागते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायटो-पीव्ही चाचणीत ३६५ रुग्ण होते. ज्यांचे हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवले त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांमुळे मृत्यू किंवा मोठी गुठळी २.७ टक्क्यांना झाली, ४५ ते ५० च्या दरम्यान ठेवलेल्यांत ९.८ टक्क्यांना. थ्रॉम्बोसायथीमियाच्या रुग्णाबाबत हिमॅटोक्रिट ४४.९ वाचून कुणी थांबत नाही.

दुसरा प्रश्न: पूर्वी खरेच गुठळी झाली नव्हती का?

फाईलमध्ये चार वेळा ‘पूर्वी गुठळी नाही’ असे लिहिलेले होते. पहिल्या भेटीत तिला पुन्हा तेच विचारले गेले तेव्हा तीही म्हणाली, “ना, तसलें कांय ना.” हे उत्तर प्रामाणिक होते. गुठळी झाली असे तिला कुणी सांगितले तरच तिला ते कळणार. म्हणून प्रश्न बदलला: कधी एकच पाय सुजला होता का, एका पायाची चप्पल घट्ट व्हायची का, कधी पोटऱ्या इतक्या दुखल्या का की बसून राहावे लागले?

सोबत आलेली जाऊ बोलली, “अगो, चवथीक तुजो पांय सुजिल्लो न्हय?” पाच वर्षांपूर्वीच्या चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची गोष्ट. डावा पाय गुडघ्याखाली सुजून दगडासारखा झालेला. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना उभे राहवेना, रात्री घरातल्या सगळ्या बायका फुगडीला उठल्या आणि ही भिंतीला टेकून बसली, म्हणून जावेच्या ते लक्षात होते. लचक समजून तेल चोळले. तीन-चार आठवड्यांत सूज ओसरली, विषय संपला.

दोन्ही पोटऱ्या टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली टेपने मोजल्या. डावी अडीच सेंटिमीटरने जास्त. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडलेली. हे तिला उन्हाने आणि चिखलाने झाले असे वाटत होते. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गुडघ्यामागच्या शिरेची भिंत जाड, आत जुने धागे, अर्धवट मोकळी झालेली वाट, उभे केल्यावर रक्त उलटे येत होते. ताजी गुठळी नव्हती. पोटाच्या डॉप्लरमध्ये प्लीहा १३.५ सेंटिमीटर, यकृताच्या आणि पोर्टल शिरा मोकळ्या. या आजारात पोटातल्या शिरांत गुठळी होण्याची वेगळीच खोड असते, तेव्हा पाय पाहून पोट सोडायचे नाही.

पॉलिसायथीमिया व्हेरात धोक्याची विभागणी अगदी साधी आहे: वय ६० च्या पुढे, किंवा पूर्वी गुठळी, यातले एक जरी असले तरी जास्त धोका. चार वर्षे ‘कमी धोका’ म्हणून ओळखली गेलेली बाई पहिल्या दिवसापासून जास्त धोक्याच्या गटात होती.

प्लेटलेटचा आकडा या विभागणीत नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. प्लेटलेट ११ लाख म्हणजे गुठळी होणारच, असा समज रुग्णांत तर आहेच, डॉक्टरांतही आहे. प्लेटलेट जितक्या जास्त तितकी गुठळी जास्त, असे सरळ नाते सिद्ध झालेले नाही. उलट दहा लाखांच्या वर गेल्यावर भीती रक्तस्रावाची. तिसरा प्रश्न तिथूनच आला.

तिसरा प्रश्न: इतके रक्त फक्त फायब्रॉइडने जाते का?

व्हॉन विलेब्रँड हे प्रथिन रक्तस्राव थांबवताना प्लेटलेटना भिंतीला चिकटवते. प्लेटलेट फार झाल्या की त्या प्रथिनाचे मोठे रेणू शोषून घेतात आणि मोडतात, आणि उरलेले लहान रेणू कामाचे नसतात. ते पाहण्यासाठी प्रथिनाचे प्रमाण आणि त्याचे काम (रिस्टोसेटिन कोफॅक्टर) दोन्ही तपासावे लागते.

पहिला अहवाल आला: काम ११ टक्के. चौकशी केली तेव्हा कळले की निळ्या टोपणाची नळी तशीच, न फिरवता, बर्फाच्या डब्यात घालून रात्रभर मुंबईला गेली होती. अख्खे रक्त थंडीत ठेवले की व्हॉन विलेब्रँडचे काम खोटे कमी येते. नमुना घेतल्यावर तो नेहमीच्या तापमानाला ठेवायचा, चार तासांच्या आत दोनदा सेंट्रिफ्यूज करायचा, वरचा प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा आणि कोरड्या बर्फात पाठवायचा. तसे करून पुन्हा पाठवला: प्रमाण ७८ टक्के, काम २७ टक्के. म्हणजे दोष खरा होता, पण पहिल्या आकड्याइतका वाईट नव्हता.

फायब्रॉइड होताच. पण पाळीला इतके जाण्यामागे आजाराचा, आणि त्यावर रोज घेतलेल्या ॲस्पिरिनचाही हात होता. हे कळल्यावर शस्त्रक्रियेची निकड बदलली.

समोर असलेले पर्याय

एका बाजूला गुठळीचा जास्त धोका, दुसऱ्या बाजूला रक्तस्रावाचा दोष, आणि तोंडावर आलेली शस्त्रक्रिया. प्रत्येक औषध एकीकडे ओढत होते.

ठरल्या तारखेला पिशवी काढणे हा पहिला पर्याय. नियंत्रणात नसलेल्या आजारावर पोटाची मोठी शस्त्रक्रिया म्हणजे टेबलावर रक्त जाणार आणि नंतरच्या आठवड्यांत गुठळी होणार, अशी दोन्ही भीती. तातडी नसेल तर आधी हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली आणि प्लेटलेट ४ लाखांच्या आसपास आणून, शक्यतो काही आठवडे तिथे टिकवून मगच सुरी लावावी. हा पर्याय सर्वांच्या मते बाद झाला. स्त्रीरोगतज्ज्ञांनीही आग्रह धरला नाही, आणि त्यांच्या या मोकळेपणामुळे पुढचे सगळे सोपे गेले.

लोह चालू ठेवायचे की नाही यावर मात्र खरी चर्चा झाली. लोहाची कमतरता स्वतः त्रास देते: थकवा, केस गळणे, बर्फ खावासा वाटणे. पण पेशी कमी करणारे औषध लागू व्हायच्या आधी लोह देणे म्हणजे हिमॅटोक्रिट स्वतःच्या हाताने वर ढकलणे. गोळी त्याच दिवशी बंद केली.

पायांच्या आगीवर रामबाण म्हणजे ॲस्पिरिन. ही आग बारीक धमन्यांत प्लेटलेटचे लहान पुंजके बसल्याने होते आणि ॲस्पिरिनने काही तासांत ते दोन दिवसांत शमते. पण व्हॉन विलेब्रँडचे काम २७ टक्के असताना ॲस्पिरिन द्यायची का? साधारण २० टक्क्यांच्या खाली बहुतेक जण देत नाहीत, काही जण ३० ची रेघ धरतात. २७ हा मधला आकडा. पाळी आठ दिवसांवर होती. आधी प्लेटलेट खाली आणायच्या, मग ॲस्पिरिन, असे ठरले. तीन-साडेतीन आठवडे तिने ती आग सोसली. मागे वळून पाहता ७५ मिलिग्रॅम एक दिवसाआड देऊन पाहता आली असती, असे आमच्यातल्या एकाचे मत अजूनही आहे.

रक्त थांबवण्याची आधीची दोन्ही औषधे बंद झाली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड गुठळी विरघळण्याची शरीराची क्रिया रोखते, पूर्वी शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला ते टाळायचे. नॉरएथिस्टेरॉनबद्दल अनेकांना वाटते की ते नुसते प्रोजेस्टेरॉनसारखे आहे, गुठळीला त्याचा धोका नाही. पण त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, आणि दिवसाला १५ मिलिग्रॅम देताना तो भाग दुर्लक्ष करण्याइतका राहत नाही. मे महिन्याचा उकाडा, घामाने कमी झालेले पाणी, चढते हिमॅटोक्रिट, बंद केलेली ॲस्पिरिन आणि त्यावर ही गोळी, असे ते दिवस ती जगली. काही झाले नाही हे तिचे नशीब.

काय केले

हायड्रॉक्सियुरिया हे पेशी कमी करणारे औषध, ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल रोज (वजनाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम प्रति किलो). सुरू करण्याआधी यकृत, मूत्रपिंड, युरिक ॲसिड तपासले. नसबंदी झालेली असल्याने गर्भाचा प्रश्न नव्हता, तरी विचारून नोंद केली. कॅप्सूल उघडायची नाही, घरात दुसऱ्या कुणी ती हाताळली तर हात धुवायचे, एवढे जावेलाही सांगितले, कारण गोळ्यांचा डबा तीच भरते. पहिले तीन महिने दर १५ दिवसांनी सीबीसी. तिला वाळपईहून, म्हणजे तालुक्याच्या गावाहून, पुढे यायला नको म्हणून ती जवळच्या आरोग्य केंद्रात करायची आणि कागदाचा फोटो पाठवायचा.

पाण्याचे माप ठरवले: तांब्याने मोजून दिवसाला अडीच लिटर, उन्हात काम असेल तर आणखी अर्धा. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी कळवायचे. पावसाळ्यात अनवाणी पाटात उतरायचे नाही. जुन्या गुठळीने घोट्याची कातडी आधीच कमजोर, त्यात हायड्रॉक्सियुरियाने घोट्यापाशी न भरणाऱ्या जखमा होऊ शकतात. सत्तरीत पावसात जळवा चिकटतात, त्यांच्या चाव्यातून सुरू झालेल्या खाजेची जखम बनायला वेळ लागत नाही. गमबूट, आणि रात्री घोटे उजेडात पाहणे.

चौथ्या आठवड्यात प्लेटलेट ७.२ लाख, व्हॉन विलेब्रँडचे काम ४६ टक्के. ॲस्पिरिन ७५ सुरू. दुसऱ्या रात्री पाय चादरीखाली राहिले.

पाचव्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिव्होनॉरजेस्ट्रेलची कॉपर-टीसारखी दिसणारी संप्रेरकाची वस्तू गर्भाशयात बसवली. पोकळी सरळ असल्यामुळे ते जमले. त्यातले संप्रेरक रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून पूर्वी गुठळी झालेल्या बाईलाही ते देता येते. पहिले दोन महिने थेंब-थेंब जात राहिले आणि तिने “हे काढून टाका” असे दोनदा सांगितले. आधीच समजावून ठेवले होते म्हणून ती थांबली.

आठव्या आठवड्यात प्लेटलेट ५.१ लाख. बाराव्यात ३.९ लाख, पण न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,३०० पर्यंत उतरले. मग एक दिवस दोन कॅप्सूल, एक दिवस एक.

रक्त पातळ करणारे औषध हा या प्रकरणातला सर्वांत वादाचा निर्णय. पाच वर्षांपूर्वीची गुठळी, कारण दुसरे कुठलेच नाही, उपचार कधी झालेला नाही, आजार कायमचा. एक मत: आता आजार नियंत्रणात येतोय, ॲस्पिरिन पुरे, शस्त्रक्रिया किंवा लांब प्रवास असेल तेव्हा हेपरिन द्यावे. दुसरे मत: शिरेतली गुठळी एकदा झाली की या आजारात ती पुन्हा होते, ॲस्पिरिनचा जोर मुख्यतः धमन्यांवर, तेव्हा शिरांसाठी वेगळे औषध हवे. रक्त जाणे थांबल्यावर, चौदाव्या आठवड्यात, अपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले आणि ॲस्पिरिन बंद केली. दोन्ही एकत्र दिल्याने रक्तस्राव वाढतो आणि हिच्या बाबतीत त्या भीतीला आधार होता. पॉलिसायथीमिया व्हेरात या औषधांचा आधार मुख्यतः जुन्या रुग्णांच्या नोंदींचा आहे, हे तिला आणि नवऱ्याला सांगूनच ठरवले. वॉर्फरिन स्वस्त, पण आयएनआरसाठी (रक्त किती पातळ झाले ते मोजणाऱ्या तपासणीसाठी) सतत खेपा, आणि श्रावणात टायकिळ्यापासून माठापर्यंत घरात रोज पालेभाजी. जीवनसत्त्व के असे एकाएकी वाढले की आयएनआर खाली घसरतो.

पाळी थांबल्यावर

याची कल्पना असूनही वेळेवर तयारी झाली नाही, म्हणून हा भाग वेगळा लिहिला आहे.

पाचव्या महिन्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, हिमॅटोक्रिट ४७.१ आले. प्लेटलेट छान, पांढऱ्या पेशी छान, म्हणून आधीच्या महिन्याचा ४५.६ कुणी उचलून धरला नव्हता. दीड वर्ष दर महिन्याला अंगावरून जाणारे रक्त हेच तिचे रक्त काढण्याचे उपचार होते. ते आम्ही बंद केले, आणि त्याजागी दुसरे काही ठेवले नाही.

रक्त काढायचे ठरले. पॉलिसायथीमियात पूर्ण ४५० मिलिलिटर काढण्याची सवय असते. ५२ किलोच्या, जुनी शिरेची दुखापत असलेल्या बाईला ३५० पुरे. सकाळी नाश्ता आणि दोन पेले पाणी घेऊन, झोपवून, १५ ते २० मिनिटांत, नंतर ५०० मिलिलिटर सलाईन, अर्धा तास देखरेख. रक्तपेढीत हे रक्त कुणाला देत नाहीत, ते फेकले जाते. तिला ते फार लागले. “एवढं चांगलं लाल रक्त,” म्हणत ती पिशवीकडे पाहत राहिली. १५ दिवसांनी पुन्हा ३५०. हिमॅटोक्रिट ४३.६.

परिणाम

१४ महिने झाले. नवी गुठळी नाही. डॉप्लर जसाच्या तसा, पायाची सूज संध्याकाळी थोडी येते, गुडघ्याखालचे मोजे ती पावसाळ्यात घालत नाही. हिमॅटोक्रिट ४२ ते ४४, प्लेटलेट ३.६ लाख, न्यूट्रोफिल २,४००. रक्त काढण्याची वेळ त्यानंतर एकदाच आली. पाळी दोन-तीन दिवस डाग पडण्यापुरती. पिशवी काढावी लागली नाही. फेरिटिन ८ आहे, थकवा येतो हे ती सांगते. न्हाल्यावरची खाज बरीच कमी, गेलेली नाही. एमसीव्ही ७४. हायड्रॉक्सियुरियाने एमसीव्ही चढते आणि त्यावरून रुग्ण औषध घेतो की नाही हे ओळखायची सवय आहे. लोह नसलेल्या रुग्णात हा आडाखा चालत नाही, कॅप्सूल मोजाव्या लागतात.

वेगळे काय करता आले असते

चार वर्षांपूर्वी मज्जेची तपासणी. जॅक-२ सकारात्मक आणि प्लेटलेट जास्त एवढ्यावर थ्रॉम्बोसायथीमिया लिहून टाकणे सोपे, पण पॉलिसायथीमियाच्या ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांतही हाच बदल असतो. पाळी येणाऱ्या बाईत हिमोग्लोबिन कमी दिसले तरी लाल पेशींची संख्या वाचायला हवी. ती ५५ लाखांच्या वर आणि एमसीव्ही लहान असेल तर फेरिटिन, एरिथ्रोपोएटिन आणि जुने कागद.

पूर्वीच्या गुठळीची चौकशी त्या शब्दाने करू नये. सूज, घट्ट चप्पल, पोटात डाव्या बाजूला अचानक कळ, एका डोळ्यापुढे काही मिनिटे अंधार, गर्भपात, हे एकेक विचारावे, आणि शक्यतो घरातले दुसरे कुणी समोर असताना. पोटऱ्यांना टेप लावायला एक मिनिट लागते.

या आजाराच्या रुग्णाला फेरिटिन कमी म्हणून लोह देण्याआधी रक्तविकार विभागाला फोन करावा. ॲस्पिरिन शस्त्रक्रियेसाठी सात दिवस बंद करणे हाही याच फोनमधला प्रश्न, आपोआप करायची गोष्ट नाही.

आणि रक्तस्राव थांबवणारा उपचार सुरू करताना त्याच दिवशी हिमॅटोक्रिटची तारीख ठरवायला हवी होती: दर महिन्याला, सहा महिने, ४५ ला हात लागला की फोन. आता तिच्या फाईलचे पहिले पान बदलले आहे. ‘धोका कमी’ खोडून त्यावर लाल शाईत लिहिले आहे: पॉलिसायथीमिया व्हेरा, डाव्या पायात जुनी गुठळी, लोह विचारल्याशिवाय नको, हिमॅटोक्रिट ४५ च्या आत. त्याची एक प्रत लॅमिनेट करून त्याच मिठाईच्या पिशवीत ठेवायला दिली आहे. पाळी कायमची जाईल तेव्हा हा हिशेब पुन्हा करायचा आहे, त्याची आठवण तिच्या पुढच्या कार्डावर आत्ताच लिहिलेली आहे.